ताईतासकट मोजलेला शंभू

मी एक जुनी पट्टी आहे. शिंप्याची नव्हे, हे आधीच सांगते. उगाच ब्लाउजची मापं घेऊन येऊ नका. मी लहान मुलांचा दंड मोजते. अंगाने पातळ प्लॅस्टिकची, आणि रंग तीन: हिरवा, पिवळा, लाल. बाळाच्या डाव्या दंडाभोवती मला गुंडाळायचं आणि माझ्या छोट्या खिडकीत कोणता रंग येतो ते बघायचं. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, म्हणजे पोर ठीक. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे पोराला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं. मधला पिवळा. एवढं सोपं काम आहे, मित्रांनो, आणि तेवढंही माणसांना धड करता येत नाही. तेव्हा माझा आवाज चढला तर चढू द्या.

एका कारखान्यात माझ्यासारख्या हजारो पट्ट्या एकाच दिवशी कापल्या गेल्या. पहिली काही वर्षं मी बिबवेवाडीतल्या एका अंगणवाडीत होते. तिथल्या बाई कडक. आधी झबल्याची बाही वर, मग मी. मला आवळायच्या नाहीत आणि सैलही सोडायच्या नाहीत. मी सांगितलेलं वहीत जसंच्या तसं उतरवायच्या. तेव्हा मला मान होता. मग बाई निवृत्त झाल्या आणि मी एका अभ्यासवाल्यांच्या पेटीत जाऊन पडले.

अभ्यास म्हणजे पाटी-पुस्तकाचा नव्हे. वाढ खुंटलेल्या मुलांसाठी खाऊचं एक नवं पाकीट तयार झालं होतं. ते मुलांना खरंच मानवतं का, हे तपासायला शंभर मुलं हवी होती. आईबापांची सही घ्यायची, आठ आठवडे पाकीट द्यायचं आणि दर मंगळवारी मोजायचं. नियम शहाणपणाचा होता: पिवळी मुलं अभ्यासात घ्यायची, लाल मुलं थेट दवाखान्यात पाठवायची. लाल मुलाकडे थांबायला वेळ नसतो.

मोजायचं काम शेफालीकडे. पोरगी मनाने वाईट नव्हती, पण सदा घाईत. "सर, या वीकमध्ये अजून चार एनरोल करायचेत," असं फोनवर सांगत ती एका हाताने मला गुंडाळायची. असाच तिने शंभूचा हात धरला.

शंभू चौदा महिन्यांचा. बाप भैरू मार्केट यार्डात हमाल, आई सत्यशीला तिथेच कांदा निवडायची. शंभूला कडेवर घेऊन आली होती आजी, भैरूची आई प्रेमलाबाई. शंभूच्या डाव्या दंडावर, नेमका मधोमध, काळ्या दोऱ्यात बांधलेला कापडी ताईत होता.

"आजी, हा जरा काढता का?"

"दोरा काढायचा न्हाय! पोराला नजर लागलीया. सुटला तर माझ्याशी गाठ हाय."

कोण वाद घालणार? शेफालीने मला ताईतावरूनच गुंडाळलं. अकरा पॉइंट सात. पिवळा! मी मनात ओरडले, अगं बये, यातला ताईत किती आणि पोर किती? पण पट्टीचं कोण ऐकतं? संध्याकाळी सत्यशीलेला बोलावून कागद भराभर वाचून दाखवला, तिने पूर्ण नावाची सही केली आणि शंभू अभ्यासात आला.

पुढचं ऐका आणि मग मला रागीट म्हणा. पाकीट शंभूला पचेना. तो कोमेजत चालला. तो कोमेजला की आजी म्हणे, नजर उतरली नाही, आणि दोऱ्याचा आणखी एक वेढा देई. वेढा वाढला की माझा आकडा वाढे. अकरा पॉइंट सात, अकरा पॉइंट आठ, मग बारा. वजनकाटा दुरुस्तीला गेला होता, तो तिकडेच रमला. अभ्यासाचे मोठे डॉक्टर श्रीधर आले, कागदावरून बोट फिरवलं, "छान प्रगती आहे" म्हणाले आणि चहा घेऊन गेले. शंभू तिथेच सतरंजीवर पडून होता. त्याच्याकडे बघायला काय झालं होतं?

पाचव्या मंगळवारी सत्यशीला सुट्टी टाकून स्वतः आली. आजीही मागोमाग होतीच.

"मॅडम, पोर कडंवर हलकं लागतंय. झबलं खांद्यावरनं घसरतंय."

"ताई, चार्ट बघा ना, वाढ होतेय. पट्टी खोटं बोलत नाही."

माझ्या जिवावर ही बाई बोलत होती! मला इतका संताप आला की विचारू नका. शेफालीने सवयीने मला ताईतावरून गुंडाळलं, आणि सत्यशीलेचे डोळे माझ्यावर खिळले.

"थांबा. ह्ये दोऱ्यावरनं मोजताय व्हय तुमी?"

"आजी काढू देत नाहीत ना..."

"यार्डात काटा झाला की आधी बारदान वजा करत्यात. रिकाम्या पोत्याचं वजन! हमालाला कळतंय ते शिकल्याल्यांना कळंना? पोत्यासकट मोजलं माझं पोर?"

"सत्ये, दोऱ्याला हात लावशील तर बघ!" आजी कडाडली.

"आत्या, गप ऱ्हावा!" म्हणत सत्यशीलेने दातांनी गाठ तोडली. दोऱ्याखाली दंड केवढासा उरला होता! शेफालीने मला नीट गुंडाळलं. दहा पॉइंट आठ. लाल. शेफालीने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर धावत आले. "ताई, गैरसमज नको. अभ्यास मध्येच सोडला तर..."

"तुमीच वाचून दावलं व्हतं, कवाबी सोडता येतंय, कारण सांगायची गरज न्हाय. पर मी सांगते. माझ्या पोराचा हात तुमी कुनी बघितलाच न्हाय."

 डॉक्टरांनी स्वतःच्या गाडीतून शंभूला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांना परत बोलावून बाह्या वर करून मोजलं, तर आणखी दोघं लाल निघाली. मग नव्या पट्ट्या आल्या आणि मला टेबलाच्या खणात कोंबलं, जणू सगळा गुन्हा माझाच!

दोन महिन्यांनी खण उघडला. समोर प्रेमलाबाई उभी, कडेवर दवाखान्यातून घरी आलेला शंभू. काळा दोरा आता त्याच्या पायात होता. शेफालीने खणातून काढलेली नवी पट्टी बघून आजी म्हणाली, "ती नगं. जिनं खोटं सांगितलं तीच आन."

शेफालीने आधी बाही वर केली. मग मला गुंडाळलं. आजीने खिडकीला डोळा लावला.

"अकरा पॉइंट सात, आजी. पिवळा."

"पयल्या दिवशीबी ह्योच आकडा सांगितला व्हतास."

"हो आजी. त्या दिवशी त्यात ताईत होता. आज सगळा शंभू आहे."

 आजीने आभार मानले नाहीत. बाही खाली ओढून ती निघून गेली, आणि मला ते पटलं. नीट मोजण्याचे आभार कसले?

मित्रांनो, तुमच्या घरच्या धाकट्याला कुणी मोजायला आलं, तर त्याची बाही तुम्ही वर करा. मोठ्यांच्या भरवशावर राहू नका, ते आकडा बघतात. तुम्ही हात बघा.