न फिरवलेल्या ताटल्या

जपानी तपासनिसाने लाल पेन्सिलीचं टोक फेलिसाच्या गोष्टीतल्या एका वाक्यावर टेकवलं आणि दुभाष्याकडे पाहिलं. दुभाषा मनिलाचाच, पण साहेबासमोर मानसुद्धा जपानी पद्धतीने हलवायचा.

“साहेब विचारतात, मुलगा जेवणावरून उठून निघाला तेव्हा घरच्यांनी ताटल्या का फिरवल्या? ही काही खूण आहे का?”

“खूण कसली?” फेलिसा म्हणाली. “रीत आहे आपली. जेवता जेवता कोणी प्रवासाला उठलं, तर मागे राहिलेल्यांनी आपापली ताटली फिरवायची. म्हणजे जाणारा सुखरूप परत येतो. तुम्हाला ठाऊक नाही होय?”

दुभाष्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने ते साहेबाला सांगितलं आणि पुढचा प्रश्न तिच्याकडे न बघता विचारला.

“मुलगा निघालाय कुठे?”

“मनिलाला. काम शोधायला.”

तपासनीस पहिल्यांदाच हसला. मनिला आता अगदी सुरक्षित आहे, तो म्हणाला, तिथे जाणाऱ्याची काळजी कशाला? आणि त्याने ते वाक्य खोडलं. फेलिसा गप्प राहिली. वाद घातला असता तर पुढचा प्रश्न गोष्टीतल्या मुलाबद्दल आला नसता, तिच्या भावाबद्दल आला असता. छापायच्या परवानगीचा शिक्का मारताना साहेबाने तिच्या तागालोग भाषेची तारीफ केली. तिला आनंद झाला, आणि झाला म्हणून स्वतःची चीड आली.

युद्धाआधी फेलिसा इंग्रजीत लिहायची. तिच्या गोष्टी छापून आलेली मासिकं आई खारवलेल्या कोळंबीच्या बरण्यांवर झाकण म्हणून बांधायची, कारण आईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. देश जिंकल्यावर जपान्यांनी इंग्रजीवर बंदी आणली, आणि फेलिसा आपल्याच भाषेत चाचपडत लिहू लागली. परक्याने दाराला कुलूप घातलं म्हणून माणूस स्वतःच्या घरात शिरतं, असलाच काहीसा उफराटा प्रकार. याचे आभार कुणाचे मानायचे, की मानायचेच नाहीत, हे तिला अजून सुधरत नव्हतं.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर आईने ती गोष्ट छापून आलेलं साप्ताहिक उघडलं. ओळीखाली बोट धरून ती वाचत गेली. गोष्टीतला इसिद्रो जेवणावरून उठला, दारातून बाहेर पडला. आईचं बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

“ताटल्या कुठायत?”

“खोडल्या त्यांनी.”

“ते खोडतीलच. तू खोडू दिल्यास.” आईने साप्ताहिक मिटलं. “मेलं की गं पोर.”

आदल्या वर्षी फेलिसाचा भाऊ ओनोर्यो असाच अर्ध्या जेवणावरून उठून डोंगरात बंडवाल्यांकडे गेला होता. दोघींनी ताटल्या फिरवल्या होत्या. गल्लीत सांगितलं होतं की तो बातांगासला मामाकडे आहे. डोंगरात गेलेल्यांच्या घरच्यांना मनिलातल्या किल्ल्यात, जपान्यांच्या तुरुंगात नेत, आणि किल्ल्यातून परत आलेलं माणूस मालाबोन गावात कुणी पाहिलं नव्हतं. ओनोर्योचा काहीच निरोप नव्हता.

दुपारी शेजारची सिमिओनाकाकू आली. अंगात काळा झगा, हातात कसाव्याच्या वड्यांची टोपली. मागोमाग आणखी चौघी बायका आल्या आणि त्यांच्या आधाराने तिबुर्सियाआजी. गावातल्या प्रत्येक मयताच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना हीच आजी म्हणायची.

“बोलू नकोस, बाळ,” काकूने फेलिसाला छातीशी धरलं. “कळलं आम्हाला. तोंडाने सांगायची सोय नाही, म्हणून छापून कळवलंस. ताटल्या फिरवल्या नाहीत असं वाचलं आणि माझ्या हातातलं भांडंच पडलं.”

“काकू, ती गोष्ट आहे.”

“हो गं, गोष्टच. आम्ही कुठे काय म्हटलं?”

तिने डोळे पुसले. बाकीच्या बायकांनी मेणबत्ती लावायला घेतली. तेवढ्यात दारात कुलासकाका येऊन उभा राहिला. जपान्यांनी गल्लीचा पुढारी म्हणून त्याला नेमलं होतं, आणि ओनोर्योचा पत्ता काढायला तो दर आठवड्याला यायचा. आज त्याने काही विचारलं नाही. टोपी काढून तो भिंतीला टेकला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ओनोर्यो जिवंत आहे म्हणावं, तर मग कुठे आहे ते सांगा. गेला म्हणावं, तर काका वर तसं कळवेल आणि चौकशी कायमची थांबेल. घर वाचेल. पण आईच्या देखत, आईच्या देव्हाऱ्यासमोर? आणि खरं काय होतं? फेलिसाला तरी कुठे माहीत होतं? पेन्सिल फिरली तेव्हा ती गप्प बसली, ती भीतीने, की आत कुठेतरी तिला आधीच कळलं होतं म्हणून? ती आईशेजारी गुडघे टेकून बसली, कारण सगळ्याच बसल्या होत्या.

माळ फिरू लागली. आजीचा आवाज थकलेला, पण शब्द सुटत नव्हता. मग ती मृताचं नाव घ्यायच्या जागी येऊन थांबली आणि तिने वळून पाहिलं. हे नाव घरच्यांनी सांगायचं असतं. दारातला काकाही थोडा पुढे झाला.

फेलिसाने भावाचं नाव जिभेवर आणलं. जित्या माणसाचं नाव या जागी घेतलं तर काय होतं, ते लहानपणापासून तिने ऐकलं होतं. तिने ते परत गिळलं.

“इसिद्रो,” आई म्हणाली.

स्पष्ट, मोठ्याने. एकाही बाईने मान वर केली नाही. आजीने क्षणभर डोळे मिटले.

“प्रभो, इसिद्रोच्या आत्म्याला चिरशांती दे.”

“दे, प्रभो,” बायका म्हणाल्या. ओनोर्योला जन्मापासून ओळखणारा कुलासकाका सगळ्यांहून मोठ्याने म्हणाला. मग टोपी घालून, कुणाकडेही न बघता, तो निघून गेला.

सिमिओनाकाकू हमसून रडत होती. फेलिसाने चार दुपारींत कागदावर उभा केलेला तो पोरगा. तिने त्याला डावखुरा केला होता, मोठ्या कानांचा केला होता, आणि एका शिक्क्यासाठी परतीची वाट तोडून दारातून बाहेर काढला होता. सगळ्या उत्तर देत होत्या, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

आईने कोपराने तिला हलकेच ढोसलं.

“म्हण की,” ती कुजबुजली. “तुझंच पोर ना ते?”