सातवा वाडगा

"सहा. बस्स," म्हणत सासूबाईंनी पिठाच्या रांजणावर झाकण ठेवलं आणि वर आपला हातही ठेवला.

आठव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा, एकोप्याचा सण. माणशी एक वाडगा पीठ, त्याचा एकच मोठा रोट, आणि चंद्र वर आला की घरात जितकी माणसं तितके त्याचे तुकडे. छ्याओंच्या घरात हे माप सासूबाईंच्याही सासूपासून चालत आलेलं. परगावी असलेलं माणूसही मोजायचं, त्याचा तुकडा जपून ठेवायचा. कमी नाही, जास्त नाही.

"आई, सहा कसे?" गुईएने जमेल तितक्या हळू विचारलं.

"कसे म्हणजे? मी, मानछांग, तू. तुझा मुलगा ज्येनबिन, त्याची बायको, त्याची पोरगी. झाले सहा."

"ज्येनबिन येत नाहीये. काल फोन आला ना, सुट्टी नाही म्हणून."

"नसेना का येत. घरचा आहे."

"आणि शियांगपिंग?"

सासूबाईंनी जवसाच्या तेलाचा डबा आपल्याकडे ओढला. "लग्न झालेली मुलगी पौर्णिमेला सासरी असते."

"सासर राहिलंय कुठे आता? वसंतातच काडीमोड झाला ना तिचा!"

"ते मला काय सांगतेस? चंद्राला सांग."

गुईए मनातल्या मनात मोजायला लागली. जे येणारच नाहीत त्यांचे तीन वाडगे. आणि काल संध्याकाळी एक पिशवी घेऊन दारात उभी राहिलेली, आत्ता अंगणात बसून सोयाबीनच्या हिरव्या शेंगा निवडणारी पोटची पोर, तिचा एकही नाही. एकतीस वर्षं गुईएने गावच्या शाळेत दोनशे पोरांचं जेवण रांधलं होतं. तिथे तिला कधी माप लागलं नाही. घरात मात्र एकसष्टाव्या वर्षीही पिठाला हात लावायचा तर विचारून.

ती तणतणत अंगणात आली. नवरा भिंतीला टेकून विडी ओढत बसला होता.

"अहो, तुम्ही तरी बोला आईंशी."

"पुरुषांनी यात पडू नये," मानछांग म्हणाला. "चंद्राची पूजा बायकांची."

"पूजा बायकांची, आणि खायला तुम्ही!"

"तीही रीतच आहे."

याच्याशी बोलून तोंड दुखवण्यापेक्षा भिंतीशी बोलावं. गुईए परत आत गेली. सासूबाई उदबत्त्या शोधायला आतल्या खोलीत वळल्या होत्या. रांजणावर कुणाचाही हात नव्हता. काय करतोय हे मनाला कळायच्या आत तिने झाकण उचललं, एक वाडगा भरला आणि परातीत उपडा केला. वरून हात फिरवून पीठ सारखं केलं. जणू ती दुसऱ्याच्या घरात चोरून शिरली होती.

सासूबाई परत आल्या. आपल्या हाताने वाडग्यामागे एक, अशा सहा पळ्या तेल घातलं आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

ओठ घट्ट मिटून गुईएने कणीक मळली. कोमट पाण्याचा हबका मारला, पण पाण्याने तेलाचं काम होतं का? अक्रोड, तीळ आणि लाल साखरेचं सारण भरून, सशाच्या साच्यात दाबून ती गावच्या भट्टीवर गेली. भट्टीवाला हान रांगेतल्या बायकांना रोट भाजून देत होता.

"वहिनी, या कणकेच्या पोटात तेल नाही," कडेला बोट लावून तो म्हणाला. "शाळेत असंच मळायचात की काय?"

"भाजा मुकाट्याने, हान दादा."

व्हायचं तेच झालं. रोट बाहेर आला तो कडेपासून मध्यापर्यंत तडा घेऊनच, सशाच्या कानातून थेट पाठीपर्यंत. मागच्या बायका माना उंचावून बघू लागल्या. एकोप्याच्या सणाला तडकलेला रोट! हानने त्यावर फडकं टाकलं. "झाकून न्या," तो पुटपुटला.

घरी शियांगपिंगने फडकं उचलून पाहिलं.

"माझ्यामुळे ना, आई? मी संध्याकाळच्या बसने जाते. तालुक्याला मैत्रीण आहे माझी."

"गप बस. कलिंगड काप. आणि निदान ते तरी मोजून कापू नकोस!"

संध्याकाळी अंगणात मेज मांडलं. कमळासारखं कापलेलं कलिंगड, नासपती, उकडलेल्या शेंगा, मधोमध रोट. तड्यावर गुईएने द्राक्षांचा घोस ठेवला होता. अक्रोडाच्या झाडामागून चंद्र वर आला. तिघी बायकांनी हात जोडले. उदबत्तीची राख पडली.

मग सासूबाईंनी सुरी घेतली आणि डाव्या हाताने द्राक्षं बाजूला केली. तड्यावरून बोट फिरवलं.

"किती वाडगे?"

मानछांगला तेवढ्यात खोकला आला.

"सात," गुईए म्हणाली.

"आणि तेल?"

"तुम्हीच घातलंत. सहाचं."

"पीठ चोरता येतं, आणि तेल मागता येत नाही?"

"मागितलं असतं, तर दिलं असतंत?"

म्हातारीने क्षणभर खरोखर विचार केला.

"नसतं दिलं," ती म्हणाली.

शियांगपिंग उठायला लागली. तेवढ्यात सुरी रोटात शिरली.

"चंद्रापुढे ठेवून झालाय. सात वाडग्यांचे सहा तुकडे म्हणजे त्याच्या तोंडावर खोटं बोलणं," सासूबाई कापता कापता म्हणाल्या. "बस खाली. खोटं मोजायची सवय तुझ्या आईला आहे, मला नाही."

सात तुकडे सारखे होता होईनात. तीन त्यांनी ज्येनबिनसाठी कागदात बांधले. तडकलेला आपल्यापुढे ओढला. "मला दात नाहीत, चहात भिजवीन." मग एक अख्खा, सशाच्या पायांचा तुकडा ताटलीसकट नातीकडे सरकवला, तिच्याकडे न बघता.

शियांगपिंगने तो दोन्ही हातांनी घेतला.

मेजावर चुरा उरला होता. तो कुणाच्याच वाट्याचा नव्हता. गुईएने बोटाच्या टोकाने कण न् कण टिपला आणि तोंडात टाकला.

कोरडा होता. एक पळी तेल कमीच पडलं होतं.