शाळेची हद्द आणि माझा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुनी दिव्यांची पेटी आहे. सांप्रत माझे वास्तव्य ओहायो राज्यातील एका लहान गावाच्या शाळा मंडळाच्या कचेरीत, कपाटामागे आहे.

माझा जन्म याच गावच्या हायस्कूलच्या सुतारशाळेत झाला. व्होगेल गुरुजींनी मेपलचे लाकूड रंध्याने तासून माझा देह घडविला आणि त्यात हिरवा, पिवळा व लाल असे तीन दिवे बसविले. मंडळाच्या सभेत प्रत्येक नागरिकास बोलण्यास तीन मिनिटे मिळत. हिरवा लागला की आरंभ करावा, पिवळा लागला की आवरते घ्यावे, लाल लागला की खाली बसावे. गिरणीमालक असो वा झाडूवाला, मी कोणास एक क्षणही अधिक दिला नाही. त्याबद्दल माझी पुष्कळ वाखाणणी झाली आणि, खरे सांगते, मला गर्वही झाला.

पुढे शाळांच्या हद्दी नव्याने ठरविण्याचे वर्ष आले. गावातील शाळा मुलांनी भरून गेली, म्हणून काही मुलांना नव्या शाळेत धाडण्याचे ठरले. खाण रस्त्यावरील मुले जाणार की टेकडीवरील, एवढाच प्रश्न उरला. एरवी एकमेकांच्या घरी केक पोहोचविणारी माणसे एकमेकांकडे पाहीनाशी झाली. बोलणाऱ्याने प्रथम नाव व पत्ता सांगावा अशी रीत होती. पत्ता ऐकताच अर्धे सभागृह कुजबुजू लागे. मुद्दा कोणी ऐकतच नसे.

शेवटच्या सभेत डेल्बर्ट हॅस्किन्स उभे राहिले. ते खाण रस्त्यावर राहत आणि बोलताना अडखळत. त्यांची मुलगी कोरी आठ वर्षांची होती. मंडळाने नकाशावर पट्टी ठेवून त्यांच्या घरापासून नव्या शाळेचे अंतर मोजले होते. ते एका मैलाच्या आत भरले, म्हणून त्या मुलांस बस नव्हती. त्यांनी चालत जावयाचे होते.

मागून कोणी म्हणाले, "याला नाव सांगेपर्यंतच पिवळा लागेल बघ." काही जण हसले. आणि झालेही तसेच.

"माझी को... कोरी त्या वाटेनं..." एवढ्यात मी लाल झाले. अध्यक्षबाईंनी वेळ संपल्याचे सांगितले. डेल्बर्टनी हातातील कागदाची घडी घातली.

पुढील नाव ओडेट प्रिम यांचे होते. त्या टेकडीवर राहत. त्यांची तीन मुले गावच्या शाळेत शिकत.

"माझी तीन मिनिटं डेल्बर्टला द्या," त्या म्हणाल्या.

आपली मिनिटे दुसऱ्यास देण्याची मुभा नियमात होती. परंतु विरुद्ध पक्षास ती कोणी दिल्याचे मला स्मरत नाही. त्यांचे शेजारी मार्व तर उठूनच उभे राहिले. "अगं ओडेट, डोकं ठिकाणावर आहे ना? तो आपल्या विरुद्ध बोलतोय."

"माहितीये मला. पण काय बोलतोय ते कळू तर दे."

मी पुन्हा हिरवी झाले.

"त्या वाटेवर खडीचे ट्रक धावतात," डेल्बर्ट सावकाश म्हणाले. "पा... पायवाट नाहीच. पुलावर ट्रक आला, की पोराला उभं राहायला जागा नाही. तुम्ही एकदा चालून बघा."

दोन दिवसांनी मंडळाचे सदस्य खरोखरच चालून पाहावयास गेले आणि पुलापासून माघारी फिरले. हद्दीची रेषा बदलली. कोरी गावच्याच शाळेत राहिली. टेकडीवरील मुले बसने नव्या शाळेत जाऊ लागली. त्यांत ओडेटबाईंची तिन्ही होती.

मार्व त्यांना कित्येक महिने विचारीत, "काय ओडेट, आणखी कुणाला मिनिटं वाटायचीयेत का?"

"उरली असती तर तुलाच दिली असती," त्या म्हणत आणि मुलांना बसमध्ये चढवीत.

आता सभागृहाच्या भिंतीवर आकड्यांचे घड्याळ आहे. माझ्यावर धूळ साचली आहे. कोणी पुसली तर आनंदच वाटेल. मी आयुष्यभर सर्वांना सारखा वेळ मोजून दिला आणि त्यालाच न्याय समजले. मित्रांनो, वर्गात वा घरी कोणी अडखळत असेल, तर आपल्या वाट्याचा थोडा वेळ त्याला द्या. त्याचे म्हणणे आपल्या तोट्याचे असले, तरी ते पुरते ऐकून घ्या.