एका हाताच्या अडतीस चिठ्ठ्या

आमच्या थोरल्याची एक खोड मला ठाऊक आहे. काही करून बसला की गोड बोलतो. सोमवारी सकाळी धुलाईघरात येऊन म्हणाला, आई, किती दमतेस गं, दोन दिवस सुट्टी घे. आजवर ह्याने मला कधी बस म्हटलेलं नाही. मी इस्त्री उभी केली आणि विचारलं, काय करून ठेवलंयस?

सांगेल तर शपथ. मग सूनबाईकडून कळलं. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि तिचा हा एवढा एक गुण मला आवडतो.

खेळांचा मोठा सोहळा भरणार म्हणून इथे परमुलखात स्टेडियम उभं राहतंय. कामगारांच्या वस्तीतलं धुलाईघर माझ्या हाताखाली, आणि थोरला तिथला कल्याण अधिकारी. जेवणघराच्या दाराशी तक्रारपेटी आहे. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, आणि महिन्यात दहाच्या वर तक्रारी आल्या की त्या सोहळ्याच्या देखरेख समितीकडे जातात, असा नियम. पेटी उघडतो थोरला.

आता निम्म्या कामगारांना लिहिता येत नाही, उरलेल्यांना धीर होत नाही. मी चौथीत शाळा सोडली, पण अक्षर ठसठशीत. कपडे टाकायला आले की ते सांगायचे, मी लिहायचे. मैदानाच्या गवताला दिवसातून दोनदा पाणी, आणि नाहणीतला नळ दुपारी कोरडा. वर पाटी, ‘पाणी वाचवा’. एका खोलीत चौदा माणसं. एकाच्या बुटाला तळ नाही. असं करत महिन्याभरात अडतीस चिठ्ठ्या झाल्या.

थोरल्याने आईचं अक्षर ओळखलं आणि अहवालात लिहिलं: सर्व चिठ्ठ्या एकाच व्यक्तीच्या, सबब तक्रार एक, निकाली. तक्रारी वर गेल्या नाहीत तर मुख्य कचेरीतली खुर्ची, असं कंत्राटदाराने त्याला कबूल केलं होतं. मंगळवारी समितीची पाहणी. मी तिथे दिसू नये म्हणून ही माया.

बाकीचं मी एक वेळ गिळलं असतं. पण त्यात लांब्याची चिठ्ठी होती. लांब्या वेल्डर; त्याची एक विजार वाळत घातली की दोरी भरते. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, फार दिवस नाहीत असं भावाने कळवलेलं, आणि पासपोर्ट कंत्राटदाराच्या कपाटात. चिठ्ठी टाकून अठरा दिवस झाले होते. रोज विचारायचा, मावशी, काही आलं का? आणि मी रोज म्हणायचे, येईल.

मंगळवारी मी सुट्टी घेतली नाही. लांब्यालाही कामावर जाऊ नकोस, इथे धुलाईघरातच थांब म्हटलं. बोललास तर काढूनही टाकतील, हेही सांगितलं. तो म्हणाला, काढू देत की, निदान घरी तरी पाठवतील.

दहाला यायची मंडळी अकरा वाजले तरी छतावरचे सौर पत्रे बघत होती. मी एक कॉलर जाळली, एकाच चादरीची तीनदा घडी घातली, दहा वेळा खिडकीशी जाऊन आले. शेवटी एक किडकिडीत बाई फाइल घेऊन आत आली, मागे थोरला. धुण्याचं पाणी गवताला जातं का, तिने विचारलं. जातं, म्हटलं. तक्रारी किती, म्हणाली. थोरल्याने तत्परतेने सांगितलं, एकच होती, मिटली.

"एक नाही, अडतीस," मी म्हणाले. "हात माझा, तोंडं त्यांची. हा त्यातला एक. ह्यालाच विचारा."

थोरला हसला. आईचं वय झालंय, हल्ली काहीबाही बोलते, म्हणाला. माझ्यासमोर.

बाईने लांब्याकडे पाहिलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. गेलं सगळं, असं मला वाटलं.

"माझा पासपोर्ट द्या," तो म्हणाला. "वडील वाट बघताहेत."

तो कंत्राटदाराच्या कपाटात आहे, मी सांगितलं. बाईने फाइल मिटली आणि कपाट दाखवा म्हणाली. ते उघडायला दोन तास लागले. किल्ली आधी परगावी होती, मग मुख्य कचेरीत, मग निघाली कंत्राटदाराच्याच खिशातून. आत रबर लावलेले पासपोर्टांचे गठ्ठे. संध्याकाळच्या विमानाची सोय त्याच बाईने लावली. लांब्याचे कपडे अजून ओले होते. तसेच पिळून पिशवीत कोंबले. त्याच्या भावाचा फोन लागत नव्हता. वेळेत पोचेल की नाही, कुणी सांगावं?

तो गेला आणि थोरला आला. परक्यांपुढे माझं नाक कापलंस, खुर्ची गेली, पोटच्या पोरापेक्षा तुला तो लांब्या जवळचा, असं बरंच. मी त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले,

"चिठ्ठी न वाचता फेकली असतीस, तर आळशी म्हटलं असतं. वाचता आली नसती, तर शाळा कमी पडली म्हणून सोडून दिलं असतं. तू त्याच्या बापाचं सगळं वाचलंस, माझं अक्षर ओळखलंस, आणि मग ती चिठ्ठी नसल्यात जमा केलीस. खुर्ची गेली ते झकास झालं. बाप भेटला असा लांब्याचा फोन येईपर्यंत मला आई म्हणू नकोस."