नाल्याने केलेली जागा

मी एक नकाशा आहे. देवपुरातल्या एका कॉलेजच्या भूगोल विभागात, लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. सातपुड्याचा पायथा माझ्या अंगावर छापलेला आहे. तपकिरी रेषा डोंगराची उंची सांगतात, काळी रेघ कोरडा नाला दाखवते.

मोजणीदारांनी उन्हातान्हात पायपीट केली तेव्हा कुठे माझा जन्म झाला. पुढे मात्र मी परीक्षेपुरता उरलो. मुलं पट्टी ठेवून अंतर काढायची, गुण मिळवायची आणि मला गुंडाळून ठेवायची. या रेषांवर माणसं राहतात, हे कुणाच्या मनात येत नसे.

मग रुपली आली. पायथ्याच्या पाड्यातली. तिचा पाडा म्हणजे माझ्यावरचे चार तांबडे ठिपके. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी भूगोलाच्या नाजमीन मॅडमनी प्रकल्पासाठी मला दिवाळीपर्यंत तिच्या हवाली केलं. "नुसत्या रेषा मोजून येऊ नको," त्या म्हणाल्या.

तिचे वडील वेस्ता तेव्हा नवं घर बांधायच्या तयारीत होते. जुनं घर उतारावर. दर पावसाळ्यात जोत्याखालची माती वाहून जायची. आता भिंतीखाली हात जाईल एवढी पोकळी झाली होती. खाली, नाला डोंगरातून बाहेर पडतो तिथे, ऐसपैस सपाट जागा होती. वेस्ता आणि धाकटा भाऊ बादल तिथेच शेजारी शेजारी घरं बांधणार होते.

रुपलीने मला खाटेवर पसरलं. त्या जागी माझ्या रेषा पंख्यासारख्या खाली फुगल्या आहेत. त्या बघून तिने वडिलांना विचारलं,

"आबा, पाया खंदतस तठे गोटा निंघतस का?"

"निंघतस. गोल गोल."

"डोंगरना दगड धारदार ऱ्हास. ह्या घसाईसन गोल व्हयेल शेतस, म्हंजे पानीनी आनेल शेतस. हाई बठ्ठी जागा नालानी करेल शे, आबा. तो परत येई." नाल्याने आणलेल्या दगडमातीनेच माझ्या रेषा तिथे फुगल्या होत्या.

बादल हसला. "वीस वरीस व्हयनात, नाला आठे उना नही. पोरना कागद दखीसन घर बांधानं का?"

वेस्ता त्याला एकदाच म्हणाले, "पोर खरं सांगस." दुसऱ्या दिवशी ते एकटेच कुदळ घेऊन वरच्या डोंगरसोंडेवर गेले. तिथे खडक, पाणी लांब. हातांना फोड आले, पण घर उभं राहिलं. भावाला मात्र त्यांनी पुन्हा टोकलं नाही. पोरीचं ऐकून भ्यायला, असं तो म्हणेल, या संकोचाने ते गप्प राहिले. बादलने खाली सपाटीवरच घर बांधलं; म्हातारी भिकुबाई, दोघांची आई, त्याच्याकडे राहायला गेली. तिला चढ चढवत नसे.

श्रावणात दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी डोंगराची कड सुटली. नाला माती, दगड, झाडं घेऊन आला आणि त्या सपाटीवर पसरला. बादल आणि त्याची बायको शेतात होते. भिकुबाई घरात होती. गाळ उपसून तिला बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली.

म्हातारीच्या बाराव्यानंतर बादल वर चढून आला. "तो कागद दखाड," तो रुपलीला म्हणाला. तिने मला त्याच्यासमोर उलगडलं. फुगलेल्या रेषांवर त्याने बोट ठेवलं. ते बराच वेळ तिथेच होतं.

"तुले मी परत सांगाले पायजे व्हतं," वेस्ता म्हणाले. "नही सांगं."

"मी ऐकाव नव्हतू, भाऊ."

मग बादलने पुतणीला विचारलं, "आते मन्हं घर कोठे बांधू?"

रुपलीने त्याचं बोट धरलं आणि हळूहळू सोंडेकडे नेलं.

आता मी पुन्हा कपाटात आहे. बादलच्या बोटाची माती माझ्यावर राहिली आहे. मॅडमनी ती पुसू दिली नाही. मुलांनो, माझ्या रेषा मोजा, गुणही मिळवा. पण एखादी जागा फारच सपाट दिसली, तर ती कुणी केली हे विचारा. आणि उत्तर कळलं, तर एकदाच सांगून थांबू नका.