कुलपाची खात्री

मिस्त्रीने एकशेविसावी गोळी वाळूच्या पेटीत झाडली, कानांवरची झाकणे मागे सारली आणि रिव्हॉल्व्हर डोळ्यांजवळ धरून घोड्याच्या बाजूची फट पाहिली. कुलूप लागल्याची खूण दाखवणारी इवलीशी पत्री खालीच होती. म्हणजे कुलूप लागलेले नव्हते. गेले सहा दिवस ते लागत नव्हते, आणि आता मिस्त्रीला त्याचा राग येऊ लागला होता.

"अडकलं?" बाहेरच्या दुकानातून बहिणीने विचारले.

"नाही."

"म्हणजे माझ्याच हातात अडकतं. तुझ्याकडे आलं की शहाणं होतं."

"तुझ्या हाताला लहानपणापासून यश आहे. रेडिओ आठव, हात लावलास नि कायमचा बंद पडला."

ती हसली नाही. एरवी रेडिओ म्हटले की ती तावातावाने भांडायची. मिस्त्रीने काडतुसांची रिकामी नळकांडी डब्यात टाकली आणि तो बाहेर आला.

ही त्याची धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली तरी त्याच्यासाठी अजून चिमीच. चौकात तिचे औषधांचे दुकान होते. चार महिन्यांपूर्वी भर दुपारी एक माणूस दुकानात शिरला, तिच्या गळ्याला सुरा लावून त्याने झोपेच्या गोळ्यांची खोकी नेली आणि दोन दिवसांत पकडला गेला. तिनेच त्याला ओळखले होते. तुरुंगातून त्याने निरोप धाडला, 'बाईला सांगा, सुटलो की पहिला तिच्याकडेच येतो.' या शुक्रवारी तो जामिनावर सुटणार होता. बंदुका दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या भावाने मग स्वतः धावपळ करून तिला परवाना मिळवून दिला आणि हे रिव्हॉल्व्हरही त्यानेच निवडले. छोटे, हलके, पर्समध्ये चष्म्याच्या डबीशेजारी सहज मावणारे. त्याच्या पोटातच कंपनीने कुलूप बसवले होते. इवलीशी किल्ली फिरवली की घोडा आणि चाप दोन्ही जागच्या जागी थिजायचे आणि बाजूची पत्री वर यायची.

रविवारच्या सरावाला मैदानावर ते दोनदा अडकले होते. तिने चाप दाबला आणि काहीही झाले नाही.

मिस्त्रीचा या कुलपांवर पहिल्यापासून विश्वास नव्हता. शस्त्र हलके आणि काडतूस जबर असले की झटका असा बसतो, की आतला तुकडा आपोआप उसळून कुलूप लागते, असे त्याचे मत होते. वीस वर्षांत हे त्याने एकदाच पाहिले होते. सांगितले मात्र शंभर जणांना होते.

"दादा, ते काढूनच टाक," चिमी म्हणाली. "शुक्रवारी तो समोर उभा राहिला आणि हे असंच रुसून बसलं तर?"

"काढतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"मग सहा दिवस काय करत होतास?"

"खात्री."

तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली होती, आणि बोलताना ती रिव्हॉल्व्हरकडे पाहायचे टाळत होती. भेदरलेय बिचारी, असे मिस्त्रीला वाटले. गळ्याला सुरा लागलेल्या बाईने भेदरू नये तर काय करावे?

आत येऊन त्याने काडतुसांची सगळी घरे रिकामी असल्याचे पाहिले, पुन्हा पाहिले आणि बाजूच्या झाकणपट्टीचे तीन स्क्रू काढले. लाकडी मुठीने हलकेच ठोकताच पट्टी सुटून तळहातावर आली. कुलपाचा तुकडा समोरच होता, नखाच्या कापलेल्या टोकाएवढा. मिस्त्रीने चिमटा उचलला. चिमी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हात कामात असला की त्याला गप्प राहवत नसे, म्हणून त्याने सहज विचारले,

"दोन्ही वेळा कितव्या गोळीला अडकलं गं?"

"कितव्या म्हणजे?"

"म्हणजे दोन झाडल्या नि तिसरीला अडकलं, असं काही?"

"छे! पहिलीलाच. पर्समधून काढलं, समोर धरलं, दाबलं. ढिम्म."

चिमटा तुकड्याच्या वर तसाच थांबला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सहा दिवस, एकशेवीस गोळ्या, आणि शस्त्राला नाही नाही ते विचारून झाल्यावर बहिणीला विचारायचा एक प्रश्न तेवढा राहून गेला होता. गोळी सुटलीच नाही तर झटका कुठून येणार? कुलूप मैदानावर लागले नव्हते. ते घरूनच लागून आले होते, आणि चिमीने पत्रीकडे न पाहता चाप दाबला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. हातात हत्यार आले की त्याला माणसे दिसेनाशी होतात, असे बायको म्हणायची ते काही खोटे नव्हते.

"किल्ल्या दोन मिळाल्या होत्या ना?"

"एक माझ्याकडे, जुडग्यात. दुसरी घरी, कपाटात." "का?"

"काही नाही. तू बस बाहेर, अंधार येतो इथं."

ती गेल्यावर त्याने भिंग डोळ्याला लावले. किल्लीच्या भोकाभोवती बारीक, चकचकीत ओरखडे होते. दोनदा उघडलेल्या कुलपाचे ते नव्हतेच. रोज कोणीतरी किल्ली फिरवत होते, आणि तीही घाईघाईने, कमी उजेडात.

तेवढ्यात मेहुणा, चिमीचा नवरा, तिला न्यायला आला. चष्म्यांच्या कारखान्यात भिंगे घासणारा, सावकाश बोलणारा माणूस. मिस्त्रीने त्याला आत बोलावले.

"दाजी, जरा बघा तर, तुमच्या कामाची गोष्ट आहे."

मेहुण्याने भिंगातून पाहिले. पाहायला इतका वेळ लागावा असे तिथे काही नव्हते.

"तुम्हीच लावता?" मिस्त्रीने आवाज खाली आणून विचारले.

मेहुण्याने भिंग ओट्यावर ठेवले. "रात्री लावतो. सकाळी ती निघायच्या आधी उघडतो. रविवारी घाई नसते, म्हणून दोनदा राहून गेलं."

"राहून गेलं? अहो, तो सुटल्यावर असंच राहून गेलं आणि तो समोर आला तर? तुमच्या विसरण्यापायी जीव जाईल तिचा!"

"माहीत आहे."

"मग कशाला हा उद्योग? घरात ना लहान मूल, ना कोणी."

मेहुण्याने बाहेर पाहिले. चिमी पाठमोरी बसली होती.

"ती पहाटे उठून पलंगाच्या कडेला बसते," तो म्हणाला. "ते हातात घेऊन. आधी वाटलं, घाबरते, दाराकडे लक्ष ठेवते. एकदा अंधारातच मला जाग आली." त्याने ओठ आवळले. "नळीचं तोंड दाराकडे नव्हतं, मिस्त्री."

मिस्त्रीच्या हातातला चिमटा खाली पडला. तो उचलायला वाकला आणि पटकन वर आलाच नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर म्हणते झोप झाली की बरं वाटेल. काढून घ्यावं, तर शुक्रवारी तो सुटतोय. ठेवावं, तर ही अशी. रोज किल्ली फिरवताना वाटतं, आपण हिला वाचवतोय की मारतोय."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि हा माणूस एका इवल्याशा किल्लीच्या जिवावर इतके दिवस काठावर उभा होता. मिस्त्रीने झाकणपट्टी पुन्हा जागेवर बसवली. मग तिन्ही स्क्रू घट्ट आवळले.

बाहेर येताना त्याने थाप तयार ठेवली होती. कंपनीचा दोष आहे, परत पाठवावे लागेल, दोन-तीन महिने तरी लागतील. चिमीने मान वर केली आणि त्याने ती थाप सोडून दिली.

"काढलंस?"

"नाही. काढणार नाही. कुलूप चांगलं आहे."

"चांगलं आहे? दोनदा..."

"एकशेवीस गोळ्या झाडल्या मी. ते आपोआप लागत नाही, चिमे. कोणीतरी लावतं."

तिने नवऱ्याकडे पाहिले. तो हातातल्या रुमालाने चष्मा पुसत होता. भिंगे केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी पुसत होता. आता ही चिडेल, माझ्या पाठीमागे केलंत म्हणून आरडाओरडा करेल, असे मिस्त्रीला वाटले. तो त्याला तयारही होता.

"सकाळी किती वाजता उघडायचात?" तिने विचारले.

"सव्वासहाला. तू आंघोळीला गेलीस की."

रस्त्यावरून कोणी सायकलची घंटी वाजवत गेले.

"मागच्या बुधवारी मी सहालाच..." एवढे बोलून ती थांबली. मग मिस्त्रीकडे वळून अगदी हळू म्हणाली, "दोनदा नाही रे दादा. तीनदा अडकलं. तिसऱ्यांदा मी मैदानात नव्हते."

मेहुण्याच्या हातातला चष्मा थांबला.

मिस्त्रीने मनात वार मोजले. बुधवार. आणि गुरुवारी सकाळी ती रिव्हॉल्व्हर घेऊन त्याच्याकडे आली होती. कुलूप काढून दे म्हणत. आणि त्याने तिसरा स्क्रूही काढला होता.

"काढून टाक म्हटलं मी तुला," ती म्हणाली. "आणि इथं बसून वाटत होतं, हा विचारेल. हा काहीतरी विचारेल."

"विचारायला सहा दिवस लागले मला," तो म्हणाला.

तिने जुडगे काढले. कडी घट्ट होती, किल्ली निघेना. दोघांपैकी कोणीही मदतीला पुढे झाले नाही. शेवटी किल्ली सुटली तेव्हा तिने ती भावासमोर ठेवली. मेहुण्याने खिशातून दुसरी काढून तिच्याशेजारी ठेवली. मिस्त्रीने दोन्ही उचलल्या, रिव्हॉल्व्हर उचलले आणि आतल्या लोखंडी कपाटात बंद केले.

"डॉक्टरकडे उद्या तिघंही जायचं," तो परत येऊन म्हणाला. "मी दुकान उघडणार नाही."

"आणि शुक्रवारी?" चिमीचा आवाज फुटला. "तो येणार, दादा. खरंच येणार."

"येऊ दे. तुझ्या दुकानात दारापाशी माझ्यासाठी एक स्टूल टाक."

"तू काय करणार तिथं?"

"बसणार."

"किती दिवस?"

मिस्त्री तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. तिचे हात बर्फासारखे गार होते, ते त्याने आपल्या तेलकट हातांत घेतले.

"तू सांग," तो म्हणाला. "मी मोजत नाही."