सलाईनच्या बाटलीतलं पेट्रोल

गौतमी सकाळी दूध पिऊन झोपली की मी अंगणात जाऊन मोटारसायकल हलवायचे. स्टँडवरून खाली घ्यायची, हँडल दोन्ही हातांनी धरून तिला डावी-उजवीकडे झुलवायचं आणि कान टाकीजवळ न्यायचा. आत पेट्रोल डुचमळायचं. भरलेली टाकी जवळजवळ बोलतच नाही. अर्ध्या टाकीचा आवाज हौदात बादली टेकल्यासारखा येतो, आणि तळाशी उरलेलं पेट्रोल पत्र्यावर नुसतं चुळचुळतं. भूक, झोप, पोटदुखी अशी गौतमीची वेगवेगळी रडणी मला ओळखू येतात, तसे हे आवाजही यायला लागले होते.

आमच्या रिहे गावात त्या वेळी ढग डोंगरावरून उतरून भातखाचरांवर बसलेले असतात. समोरचा बांध दिसतो, त्याच्या पलीकडचा दिसत नाही. झोप पुरी न झालेल्या माणसाला असं धुकं बरं वाटतं. आपल्याला दिसत नाहीये ते कुणालाच दिसत नाहीये असं वाटतं. कितीदा तरी मी गाडीला झुलवत तशीच उभी राहायचे आणि भानावर आल्यावर लक्षात यायचं की तोंडाने मी अंगाई गुणगुणतेय.

आम्ही जयसिंगकाकांच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. शैलेश, माझा नवरा, सकाळी सातला ऑफिसातल्या एकाच्या कारने हिंजवडीला जातो तो संध्याकाळी सातला उगवतो. मधल्या बारा तासांत मी, चौदा महिन्यांची गौतमी आणि ही गाडी. गाडी सासऱ्यांची. बारा वर्षं त्यांनी ती शेवगावात चालवली आणि आम्हाला देताना एवढंच म्हणाले, लिटरला पंचावन्न देते, कधी दगा देणार नाही.

मला ती लागते ती एकाच कारणासाठी. मार्चमध्ये गौतमीला तापात झटका आला होता. डोळे फिरवून ती माझ्या हातात ताठ झाली, ते दीड मिनिट अजून संपलेलं नाही असं मला कधीकधी वाटतं. पिरंगुटच्या डॉक्टरांनी तिला दिवसभर सलाईन लावलं आणि बजावलं, ताप चढायला लागला की वाट बघू नका, घेऊन या. पिरंगुट आमच्यापासून बारा किलोमीटर. वेळेवर रिक्षा मिळेल याची खात्री नाही. म्हणून उन्हाळ्यात दर रविवारी शैलेशने मला कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात गाडी शिकवली. मी बी.एस्सी. झाले तेव्हा मला जेवढा अभिमान वाटला नव्हता तेवढा तिसरा गिअर पडला तेव्हा वाटला.

आणि श्रावणात गाडीनेच दगा दिला. गौतमीला ताप होता, छातीशी पट्ट्याने बांधून मी निघाले. माझ्या हिशेबाने टाकीत अजून चाळीस किलोमीटरचं पेट्रोल होतं, रिझर्व्ह धरून. घोटावड्याच्या अलीकडे इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं. रिझर्व्हवर टाकली, तरी नाही. आजूबाजूला फक्त भात आणि त्यावरून सरकणारं ऊन. एका टेम्पोवाल्याने आम्हाला पिरंगुटला सोडलं. साधा व्हायरल ताप निघाला. पण संध्याकाळी शैलेश म्हणाला की दिवाळीपर्यंत गाडीचं काही झालं नाही तर तू हिला घेऊन शेवगावला माझ्या आईकडे राहा. ती तीन वर्षांची होईपर्यंत. तो हिंजवडीत कुणाबरोबर खोली घेईल, महिन्यातून एकदा येईल.

तो चिडून म्हणाला असता तर मी भांडले असते. तो घाबरून म्हणाला होता.

म्हणून मी मायलेजच्या मागे लागले. वहीत किलोमीटर लिहायला लागले तेव्हा कळलं की गाडी लिटरला पंचावन्न नाही, छत्तीस-सदतीस देते. घोटावड्याच्या फाट्यावर वाल्मीकचं गॅरेज आहे. त्याने एअर फिल्टर बदलला, प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला, चेन सैल होती ती ओढली, चाकांत हवा मोजून भरली. दर वेळी काम झालं की स्वतः एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, गाडी लई झकास हाय. दर वेळी मी त्याला आठवण करून द्यायचे, मागचा ब्रेक जरा घट्ट करा. तो करून द्यायचा. आणि दर वेळी वही छत्तीसवरच.

मग मला वाटलं, कुणीतरी पेट्रोल काढतंय. अंगण उघडं, गाडी रात्रभर खाली. ज्यांच्या घरात राहतो त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे मला स्वतःचीच लाज वाटत होती. पण लाज वाटते म्हणून संशय थांबत नाही. मी कपाळावरची टिकली काढून टाकीच्या झाकणावर अशी चिकटवली की अर्धी झाकणावर, अर्धी पत्र्यावर. झाकण फिरवलं तर ती फाटणार. रोज सकाळी टिकली जागच्या जागी. चौथ्या दिवशी हेमलताकाकूंनी, म्हणजे जयसिंगकाकांच्या बायकोने, ती पाहिली आणि विचारलं, "गाडीला कुंकू लावलंस व्हय, अपेक्षा? आता पदर बी घाल तिच्या डोक्यावर." मी हसले. दुपारी त्यांनी गौतमीसाठी आंबेमोहराची पेज पाठवली आणि मी टिकली काढून टाकली.

दसरा झाला. भाताला लोंब्या आल्या, सगळं खोरं एका बाजूला कलल्यासारखं दिसायला लागलं. शैलेशने शेवगावच्या एसटीच्या तिकिटांचा विषय काढला. दुसऱ्या दिवशी मी गौतमीला बांधलं, हेमलताकाकूंना मागे बसवलं – त्यांना घोटावड्यात पिठाच्या गिरणीचं काम होतं – आणि वाल्मीकपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुमची गाडी झकास असेल, माझी नाहीये. आज मला खरं काय ते कळलं पाहिजे.

वाल्मीकने हात पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन एक सलाईनची रिकामी बाटली घेऊन आला. नळीसकट.

माझा हात आपोआप गौतमीच्या डोक्यावर गेला. त्याने समजावून सांगितलं: टाकीची नळी काढायची, बाटली हँडलला उलटी टांगायची, तिची नळी इंजिनाला जोडायची. बाटलीत बरोबर शंभर मिली पेट्रोल. ते संपेपर्यंत गाडी जिथवर जाईल तेवढं तिचं मायलेज. यात टाकी नाही, वही नाही, चोर नाही. बाटलीवरच्या रेघा तशाच होत्या, मी मार्चमध्ये दिवसभर मोजलेल्या. फक्त आतलं पाणी केशरी.

आधी तो स्वतः गेला. आम्ही दोघी बाकड्यावर बसलो, गौतमी काकूंच्या बांगड्या वर-खाली करत होती. थोड्या वेळाने त्याचा फोन आला, गाडी बंद पडली, पाच पूर्णांक चार किलोमीटर. टाकीची नळी परत जोडून तो आला. म्हणजे लिटरला चौपन्न. सासरे खरं बोलले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी भीती वाटली, कारण आता माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"आता तुमी चालवा, ताई," वाल्मीक म्हणाला. "बाळाला घिऊन. रोज जाता तशाच. मी मागनं येतो."

बाटलीत पुन्हा शंभर मिली. काकू दळण आणायला गिरणीकडे गेल्या, मी रिह्याच्या रस्त्याला लागले. ढग खाली आले होते; दुपार असूनही उजेड दुधात पाणी घातल्यासारखा झाला होता. समोर बाटली झुलत होती आणि तिच्यातली रेघ हळूहळू उतरत होती. गौतमी माझ्या छातीवर झोपली. तिचं डोकं, इंजिनाची थरथर, माझा श्वास, हे सगळं एकाच सुरात चालू होतं. मला वाटलं, रस्ता थांबलाय आणि भातच मागे मागे चाललाय. कुठेतरी पाण्याचा आवाज होता. बगळे हलतच नव्हते, जणू कुणी रांगोळीने काढून ठेवलेत. असंच जात राहावं, पिरंगुट नको, शेवगाव नको, असं मनात आलं तेवढ्यात उचकी बसली. एक, दोन. मग इंजिन विझलं आणि शांतता एवढी आली की गौतमीचा श्वास ऐकू यायला लागला.

तीन पूर्णांक सहा.

वाल्मीक मागून आला. खाली बसला आणि मागच्या चाकाच्या मधोमध, ब्रेकच्या ड्रमला त्याने बोट लावलं. लगेच झटकून मागे घेतलं.

"तव्यावानी तापलाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "ताई, फाट्यापासनं हितवर तुमचा मागचा लाल दिवा एकदा बी विझला न्हाई."

मला कळलं नाही. दिवा बिघडलाय का, मी विचारलं.

"दिवा चांगला हाय. खाली बघा."

मी खाली पाहिलं. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, माझा डावा पाय जमिनीवर होता. उजवा पाय ब्रेकवर होता. नुसता टेकलेला नाही, दाबलेला. बुटाचं टोक खाली, घोटा ताठ. मी तो काढायचा म्हटलं तर आधी सापडेचना, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

मैदानातला पहिला रविवार मला आठवला. शैलेश गाडीबरोबर पळत होता, धापा टाकत सांगत होता, काही झालं तरी पाय ब्रेकवर ठेव, पाय ब्रेकवरच ठेव. मी ठेवला होता. मेपासून ऑक्टोबरपर्यंत. तो असला की गाडी तोच चालवायचा, त्यामुळे त्याला कधी दिसलं नाही. वाल्मीक चक्कर मारायचा तेव्हा पाय त्याचा असायचा. श्रावणात गाडी बंद पडल्यावर मी आणखी घट्ट दाबायला लागले असणार, आणि वर दर वेळी त्यालाच सांगून ब्रेक आणखी आवळून घेत होते. इंजिन पुढे ओढत होतं, मी मागे. पेट्रोल बिचारं दोघांच्या मधे जळत होतं.

वाल्मीकने ब्रेक दोन आटे सैल केला. हे आपल्या आधीच लक्षात यायला हवं होतं, असं तोच म्हणाला. पण गाडी आणणाऱ्याला गाडीवर बसवून बघायची पद्धत न्हाई, आमी गाडीच बघतो. मग त्याने ड्रम निवू दिला आणि तिसऱ्यांदा शंभर मिली भरलं. मी म्हटलं, मला नाही जमणार, पाय काढला की पडल्यासारखं वाटतं. तो म्हणाला, ब्रेक कुटं पळून जात न्हाई, लागंल तवा पाय आपसूक जातोय. फुटरेस्टवर टाच ठिवा आन् बोटं भाईर काढा.

तो फाट्याकडे वळून काकूंना आणायला गेला. आता मागे कुणी नव्हतं.

पहिला किलोमीटर माझा पाय सारखा ब्रेककडे जात होता आणि मी तो मागे ओढत होते. गाडी एवढी हलकी झाली होती की ती मला सोडून जाईल असं वाटत होतं. एका वळणावर म्हैस आडवी आली आणि खरंच, पाय गेला, दाबला, म्हैस गेली, पाय परत आला. त्यानंतर मी त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं. गौतमी जागी झाली होती आणि बाटलीतल्या केशरी पाण्याकडे टक लावून बघत होती. मी किलोमीटरच्या आकड्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. तीन. साडेतीन. तीन पूर्णांक सहा कधी गेलं कळलं नाही, कारण तेव्हा धुक्यातून जयसिंगकाकांचं खाचर बाहेर येत होतं. घर गेलं. मी थांबले नाही. खोऱ्याच्या आत, जिथे मी एकटी कधी गेले नव्हते, तिथे रस्ता अरुंद होत गेला, दोन्ही बाजूंची लोंबी पायांना लागायला लागली, आणि ओल्या भाताचा वास असा आला की मला आईच्या माहेरची कणगी आठवली, जी मी फक्त ऐकून आहे.

पाच पूर्णांक दोनला गाडी थांबली.

मी तिला स्टँडवर लावलं. बाटली रिकामी. मागे-पुढे माणूस नाही, घरापासून लांब, पोर छातीशी, इंजिनात थेंबभर पेट्रोल नाही. गेले दोन महिने मला पडायचं ते स्वप्न हेच होतं, आणि आत उभं राहिल्यावर ते नुसतं भाताचं शेत निघालं.

वाल्मीकच्या मागे बसून हेमलताकाकू आल्या, मांडीवर पिठाचा डबा. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या की खाचरातून त्यांना माझी गाडी रोज दिसायची. "समद्यांचे दिवे लुकलुकत जात्यात. तुजा आपला लाल तो लाल, पार डोंगरापतूर. मी ह्यांना म्हणायची, अपेक्षाची गाडी न्यारीच हाय."

मग सांगितलं का नाही, मी विचारलं.

"शिकलेल्या बाईला काय सांगायचं? आमाला वाटलं, लहान लेकरू हाय म्हणून मुद्दाम लावून ठिवलाय."

वाल्मीक टाकीची नळी जोडत होता तेव्हा मी शैलेशला फोन लावला. तो मीटिंगमधून बाहेर आला, पहिला शब्द "गौतमी?" मी म्हटलं ती बरी आहे, हे घे, आणि तिने फोनमध्ये श्वास सोडला. मग मी त्याला आकडे सांगितले, वाल्मीकचा, माझा, आणि माझा दुसरा. कारण सांगितलं.

"पाय ब्रेकवर ठेव असं मीच म्हटलं होतं," तो म्हणाला.

"हो. आणि मी ऐकलं."

"मग तिकिटं?"

"काढ. तिघांची, जायची आणि यायची. भाऊबीज झाली की परत यायचं."

तो लगेच हो म्हणाला नाही. आता तू कुठे आहेस, त्याने विचारलं. मी आजूबाजूला पाहिलं. मला गावाचं नाव माहीत नव्हतं. म्हटलं, घराच्या पुढे आहे, दोनेक किलोमीटर, इथून उलटं वळून पिरंगुटला पंचवीस मिनिटं लागतील, टाकी अर्धी आहे, मी बघितलंय. मग तो हो म्हणाला.

काकू मागे बसल्या. वाल्मीकने बाटली आपल्या हँडलला अडकवली आणि म्हणाला, तुमी पुढं व्हा, ताई, मी मागनं दिवा बघतो.